स्वस्त गोळी आणि आमची चूक

या सदरात आम्ही बहुधा रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधी, शिष्यवृत्तीचे अर्ज, विजेचे बिल अशा विषयांवर लिहीत असतो. कचेरीत वीस वर्षे कागद लावण्यात गेली, तेव्हा जे हाताखालून जाते तेच लिहिता येते. औषधांचा विषय आमचा नव्हे. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, डॉक्टर नव्हे. तरीही आज थायरॉइडच्या गोळीवर लिहिण्याची वेळ आली आहे, कारण या गोळीच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आणि ती आमच्या थोरल्या बहिणीला भोगावी लागली. जी चूक आम्ही चारचौघांत भाषण करून केली, तिची कबुलीही चारचौघांतच द्यावी असे आम्हाला वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत आम्ही ‘जेनेरिक औषधे वापरा’ अशी मोहीम काढली होती. महिला मंडळाच्या भगिनींना वह्या घेऊन बसवले आणि प्रत्येक घरात महिन्याला औषधांवर किती पैसे जातात त्याची बेरीज करायला लावली. रक्तदाब, साखर, सांधेदुखी, दमा, प्रत्येक घरात काही ना काही होतेच. बेरीज पाहून बायका थक्क झाल्या. मग स्वस्त दुकानाचे दर शेजारच्या रकान्यात लिहिले. कित्येक घरांत खर्च निम्म्याहून खाली आला. त्या सभेत आम्ही आवेशाने म्हणालो, “कंपनीच्या नावाला भुलू नका. कोणत्याही दुकानातून, कोणत्याही कंपनीचे घ्या, आतला माल एकच!” टाळ्या पडल्या. मोहीम चांगली होती, आजही आम्ही तिच्या बाजूने आहोत. पण ते शेवटचे वाक्य सर्व औषधांना सरसकट लागू नाही, हे आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हते.

आमची आक्का अकरा वर्षांपासून थायरॉइडची पंचाहत्तरची गोळी घेते. एकाच कंपनीची, एकाच दुकानातून. तब्येत ठणठणीत. सकाळी चारला उठून पाणी भरणारी बाई. आमचे भाषण ऐकून तिनेही गोळी बदलली. सख्ख्या भावाने सांगितल्यावर ती कोणाला विचारायला जाणार?

सहा महिन्यांनी आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा ती भर दुपारी अंगावर गोधडी घेऊन पडली होती. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. “काही नाही रे, वय झालं आता,” म्हणाली. वय छप्पन. कंगव्यात केसांचे पुंजके येत होते, पोट साफ होत नव्हते, जिना चढताना पायांत गोळे येत होते. भाची स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “मामा, तुमच्या जेनेरिकनं आईची ही गत केली.” आम्हाला काही उत्तर सुचले नाही. आक्काच तिला दटावू लागली, “अगं, त्यानं काय वाईट व्हावं म्हणून सांगितलं का?” आक्काने आमची बाजू घेतली याचीच आम्हाला अधिक लाज वाटली.

तपासणी केली. टीएसएच नावाचा जो आकडा पूर्वी २.६ असायचा, तो १८.४ झाला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा काढून आक्काला सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टर तरुण मुलगी होत्या, पण विचारपूस जुन्या वैद्यासारखी. त्यांनी आधी घरातली सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. आक्काने पिशवी उलटी केली. थायरॉइडची चार पाकिटे निघाली. तीन निरनिराळ्या कंपन्यांची, काही पंचाहत्तरची, काही पन्नासची.

हळूहळू उलगडा झाला. स्वस्त दुकानात पहिल्यांदा गेली तेव्हा पंचाहत्तरची गोळी शिल्लक नव्हती, म्हणून पन्नासच्या दिल्या आणि दीड घ्यायला सांगितले. आक्का सुरीने गोळी कापायची, अर्धी बऱ्याचदा चुरा होऊन जायची. पुढच्या महिन्यात ते दुकान बंद होते, म्हणून नाक्यावरच्या दुकानातून घेतली. त्याने तिसऱ्याच कंपनीची पन्नासची दिली आणि पाकिटावर ‘रोज एक’ लिहून दिले. आक्का एकच घेऊ लागली. मधूनच जुन्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या संपवल्या. त्यात भर म्हणजे गुडघ्यांसाठी कोणीतरी कॅल्शियमची गोळी सुरू केली होती. ती आक्का थायरॉइडच्या गोळीबरोबरच, सकाळच्या चहाबरोबर घ्यायची.

डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, “काका, जेनेरिकला दोष देऊ नका आणि कंपनीला पण देऊ नका. मावशींच्या पोटात दर महिन्याला वेगळा डोस गेलाय, आणि जो गेलाय तो कॅल्शियमनं अडवलाय. यातलं नेमकं कशानं किती बिघडलं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण गोळी बदलल्यावर तपासणी करायला हवी होती. ती कोणी सांगितली नाही.”

ती सांगायला हवी होती आम्ही. सभेत आम्ही बोललो होतो, नाक्यावरचा दुकानदार नव्हे.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून हा विषय समजून घेतला. तो येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आपल्या गळ्यात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. शरीराचा सगळा कारभार किती वेगाने चालावा हे त्यावर ठरते. ग्रंथी मंदावली की माणूस मंदावतो. थकवा, थंडी वाजणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठ, केस गळणे, पाळीच्या तक्रारी, विसराळूपणा. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. भारतातल्या आठ शहरांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार शंभर प्रौढांत सुमारे अकरा जणांची ग्रंथी कमीजास्त प्रमाणात मंद होती, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. आपल्या घरातली बाई सारखी दमते, चिडते, झोपून राहते म्हणून तिला आळशी ठरवण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यावरचा उपचार फार जुना आहे. इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरे केले. ती पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. १९१४ साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार करता आले. म्हणजे या औषधावर आज कोणाची मक्तेदारी नाही. अनेक कंपन्या ते बनवतात. गोळीत असते ते लेव्होथायरॉक्सिन किंवा थायरॉक्सिन सोडियम. नावे वेगळी दिसली तरी द्रव्य तेच.

मग बदलण्यात अडचण काय? अडचण मापाची आहे. ताप उतरवायची साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि एका ग्रॅमचे दहा लाख मायक्रोग्रॅम होतात. आम्ही सवयीप्रमाणे हिशेब मांडून पाहिला. रोज शंभर मायक्रोग्रॅम घेणाऱ्या माणसाला एक ग्रॅम औषध दहा हजार दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त पुरते. चमचाभर साखरेपेक्षाही कमी वजन, आणि त्यावर माणसाची सत्तावीस वर्षे चालतात! इतक्या बारीक मापात दहा-पंधरा टक्क्यांचा फरकही शरीराला कळतो. कमी पडले तर आक्कासारखी गत होते. जास्त झाले तर छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे, वजन उतरणे. वयस्क माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे. ज्या औषधांत कमी आणि जास्त यांच्यातले अंतर असे थोडे असते, त्यांच्याबाबत डॉक्टर नेहमीच अधिक जपून असतात.

गोळीत नुसते औषधच नसते. एवढ्याशा औषधाची गोळी धरता यावी म्हणून त्यात इतर भुकटी मिसळावी लागते. ही भुकटी प्रत्येक कंपनीची निराळी. त्यामुळे गोळी पोटात किती लवकर विरघळते, त्यातले किती रक्तात उतरते, उन्हाळ्यात ती किती टिकते, यात थोडा फरक पडू शकतो. हे औषध उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी खराब होते. अमेरिकेत पूर्वी लिहिलेल्या मात्रेच्या ९० ते ११० टक्के औषध भरले तरी गोळी योग्य मानत. म्हणजे एकाच शंभरच्या लेबलाखाली एका बाटलीत ९२ आणि दुसरीत १०८ असू शकत होते. दोन्ही कायदेशीर! २००७ साली तिथल्या औषध खात्याने ही सूट कमी करून ९५ ते १०५ केली, ती याच कारणाने.

आता टीएसएच म्हणजे काय ते पाहू. आमच्या भाषेत सांगायचे तर ते मेंदूतल्या मुख्य कचेरीने गळ्यातल्या शाखेला पाठवलेले स्मरणपत्र आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की ‘माल पाठवा’ म्हणून स्मरणपत्रे वाढतात, टीएसएच वाढतो. माल भरपूर झाला की स्मरणपत्रे थांबतात, टीएसएच घटतो. म्हणून आकडा वाढलेला दिसला तर औषध कमी पडते आहे असे समजायचे. पुष्कळ जण याच्या उलट समजतात आणि आपल्या मनाने गोळी कमी करतात. तसे कदापि करू नये.

दुसरी गोष्ट. या औषधाची मागील शिल्लक लवकर संपत नाही. शरीरातले निम्मे थायरॉक्सिन संपायला साधारण सात दिवस लागतात. म्हणून गोळी बदलल्यावर आठवड्यात काही त्रास झाला नाही, तर ‘मानवली’ असा निकाल देता येत नाही. नवा हिशेब जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तपासणीही तेव्हाच करायची. आक्का दर महिन्याला गोळी बदलत होती, म्हणजे एक हिशेब जुळायच्या आत दुसरा सुरू.

यावर कोणी म्हणेल, मग महागडीच गोळी घ्यावी हे बरे! येथेच थांबून विचार करायला हवा. कारण ‘जेनेरिक हलके’ हा समज पुष्कळदा मुद्दाम पसरवला जातो, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण याच गोळीचे आहे.

अमेरिकेत सिंथ्रॉइड नावाची थायरॉइडची गोळी सर्वाधिक खपायची. तिच्या कंपनीने १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक बेटी डाँग यांच्याशी करार करून पैसे दिले. आपली गोळी आणि इतर स्वस्त गोळ्या यांची तुलना करायची होती. आपली गोळी सरस ठरेल अशी कंपनीची अपेक्षा. डाँग यांनी बावीस रुग्ण स्त्रियांना चार निरनिराळ्या गोळ्या पाळीपाळीने देऊन तपासले. निष्कर्ष निघाला की चारही सारख्याच. कंपनीने त्या संशोधनात दोष काढायला सुरुवात केली. करारात एक कलम होते, की कंपनीच्या लेखी परवानगीवाचून निष्कर्ष छापता येणार नाही. जानेवारी १९९५ मध्ये लेख छापून येणार होता, तो ऐनवेळी मागे घ्यावा लागला. १९९६ साली वर्तमानपत्राने हे प्रकरण उघड केले आणि एप्रिल १९९७ मध्ये तो लेख अखेर अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. म्हणजे दोन्ही गोळ्या सारख्या आहेत ही माहिती सात वर्षे दाबून ठेवली गेली, आणि तेवढा काळ लोक जास्त पैसे मोजत राहिले. कागदावर सही करण्यापूर्वी कलमे वाचावीत, हे आम्ही वस्तीत नेहमी सांगतो. येथे मोठ्या विद्यापीठाचीही फसगत झाली.

अलीकडचे संशोधनही पाहावे. २०२२ साली अमेरिकेत पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कंपनीची जेनेरिक गोळी सोडून दुसऱ्या कंपनीची घेणारे आणि न बदलणारे, यांची तुलना होती. न बदलणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे त्र्याऐंशी जणांचा टीएसएच ठीक होता, बदलणाऱ्यांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी जणांचा. म्हणजे बहुतेकांना बदल सोसतो.

पण सर्वांना सोसतो असे नाही. याची दुसरी बाजू फ्रान्समध्ये दिसली. तेथे लेव्होथायरॉक्स या एकाच नावाची गोळी सुमारे तीस लाख लोक घेत. मार्च २०१७ मध्ये कंपनीने नाव तेच ठेवून गोळीतली भुकटी बदलली. लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घातले. गोळी अधिक टिकाऊ व्हावी म्हणून तिथल्या सरकारी औषध संस्थेनेच तशी सूचना केली होती. हेतू चांगला. पण रुग्णांना नीट सांगितले गेले नाही. हजारो लोकांना थकवा, डोकेदुखी, चक्कर, स्नायूदुखी सुरू झाली. तीस हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या. पुष्कळांचा टीएसएच ठीकच होता, तरी त्रास खरा होता. २०२० साली लियोंच्या अपील न्यायालयाने कंपनीला तीन हजारांहून अधिक फिर्यादींना प्रत्येकी एक हजार युरो द्यायला लावले. या उदाहरणात महागडे-स्वस्त असा प्रश्नच नव्हता. ब्रँड तोच, नाव तेच! फक्त बदल झाला आणि तो घेणाऱ्याला कोणी समजावून सांगितला नाही.

ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने मे २०२१ मध्ये डॉक्टरांना दिलेला सल्ला आम्हाला समतोल वाटला. बहुसंख्य रुग्णांना जेनेरिक गोळी योग्य आहे. मात्र कंपनी बदलल्यावर ज्यांना त्रास होतो, त्यांची तपासणी करावी, आणि त्रास चालूच राहिला तर त्यांना मानवणारी एकच गोळी कायम द्यावी.

आपल्याकडची गोष्ट आणखी एका कारणाने वेगळी आहे. येथे आपण ज्याला ‘कंपनीची गोळी’ म्हणतो, तीही बहुतेक जेनेरिकच असते. औषध जुने, हक्क संपलेले. प्रत्येक कंपनी आपापले नाव लावून विकते. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने औषधांची ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत अशी शिफारस केली होती. ती तशीच राहिली. २००८ साली जनऔषधी दुकाने सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. डॉक्टरांचा आक्षेप दर्जाविषयी होता. केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी काढते, तीत मोठ्या नावांची औषधेही असतात. तेव्हा नावावरून दर्जा ठरवता येत नाही, हे खरेच. दुकानाची साठवण, गोळीची मुदत आणि सरकारची तपासणी यांवर तो ठरतो.

आता घरगुती हिशेब. थायरॉइडची गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्यामुळे तिच्या कमाल किमतीवर सरकारी बंधन आहे. म्हणून या गोळीत बचत होते, पण इतर औषधांइतकी डोळ्यांत भरणारी नव्हे. समजा, स्वस्त गोळी घेऊन महिन्याला ३० रुपये वाचले. वर्षाचे ३६० झाले. खासगीत टीएसएच तपासणीला, समजा, ३०० रुपये लागले. एकदाच बदल केला, एकदाच तपासणी केली, तर पहिल्या वर्षी ६० रुपये शिल्लक आणि दुसऱ्या वर्षापासून ती जादा तपासणी नसल्याने पूर्ण ३६०. पण वर्षात चारदा बदल केला आणि प्रत्येक वेळी तपासले, तर खर्च १२०० आणि बचत ३६०, म्हणजे ८४० रुपयांचे नुकसान. आणि चारदा बदलून एकदाही तपासले नाही, तर नुकसान तब्येतीच्या खात्यावर जाते. आक्काचे तसे झाले.

म्हणून थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी पुढील गोष्टी लिहून ठेवतो. हे कात्रण कापून औषधाच्या डब्याला चिकटवले तरी हरकत नाही.

१. महाग किंवा स्वस्त, कोणतीही एक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा आणि तीच घ्या. ती सतत मिळेल असेच दुकान निवडा. शक्य तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकाच वेळी घ्या, संपायच्या दहा दिवस आधी नव्या आणा.

२. घरी आल्यावर पाकिटावरचे औषधाचे नाव, मायक्रोग्रॅमचा आकडा, कंपनी आणि मुदत वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या. आकडा जुन्या पाकिटाशी जुळला पाहिजे. दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर तिथेच विचारा. विचारायला लाजू नका.

३. कंपनी बदललीच, मग ती महागातून स्वस्तात असो, स्वस्तातून महागात असो की एका स्वस्तातून दुसऱ्या स्वस्तात, तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क केले आहेत. तेथे चौकशी करा.

४. गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, नाश्ता अर्धा ते एक तासानंतर. कॅल्शियम, लोहाची गोळी, आम्लपित्ताचे औषध यांच्यात चार तासांचे अंतर हवे. आमच्या भगिनींना लोहाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, म्हणून हे विशेष ध्यानात ठेवा.

५. गोळ्या चुलीजवळच्या फळीवर, पत्र्याखाली, खिडकीत, मोरीजवळ ठेवू नका. ज्या बाटलीत आल्या तिच्यातच झाकण घट्ट लावून ठेवा.

६. गरोदर स्त्री, तान्हे मूल, हृदयविकाराचे रुग्ण आणि थायरॉइडच्या कर्करोगाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. दिवस राहिल्याचे कळताच बाईने डॉक्टरांकडे जावे. बहुधा मात्रा वाढवावी लागते, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

७. तपासणीचा आकडा चांगला आला म्हणून गोळी सोडू नका. तो आकडा गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

आता आक्काचे पुढे काय झाले ते सांगतो. डॉक्टरांनी विचारले, “मावशी, कोणती सुरू करू?” भाची म्हणाली, जुनीच द्या. आम्ही गप्प. बोलायचा अधिकार आम्ही गमावला होता. आक्काच म्हणाली, “स्वस्तातलीच द्या बाई, पण पंचाहत्तरचीच द्या, आणि एकच द्या.” तसे ठरले. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणानंतर गेली. दोन महिन्यांनी टीएसएच ५.९ आला, आणखी दोन महिन्यांनी ३.१. आता आक्का पुन्हा पहाटे उठून शेजाऱ्यांची झोपमोड करते.

पण तोवर दुसरेच नुकसान झाले होते. आक्का आजारी पडल्याची बातमी वस्तीभर पसरली होती. “त्या स्वस्तातल्या गोळ्यांनी बाई आडवी झाली.” चार-पाच घरांनी रक्तदाबाची, साखरेची स्वस्त औषधे सोडली होती. महागडी परवडत नव्हती, म्हणून दोन बायकांनी औषधच बंद केले होते. एका मावशींचा रक्तदाब त्यात खूप वाढला होता. आमच्या एका अर्धवट वाक्याची किंमत अशी दोनदा मोजावी लागली.

महिला मंडळाची सभा पुन्हा बोलावली. आक्काची ती चार पाकिटे टेबलावर मांडली आणि वर लिहिले ते सारे सांगितले. “मागच्या सभेत आम्ही चुकीचे बोललो,” असे सरळ म्हटले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. थोडा वेळ सगळ्या गप्प होत्या. मग मागे बसलेल्या एक वहिनी उठल्या आणि पिशवीतून आपली थायरॉइडची बाटली काढून म्हणाल्या, “भाऊजी, एवढं वाचून सांगा. मागच्या महिन्याचीच आहे का ही?” त्यांच्यामागे रांग लागली. सतरा बायकांच्या बाटल्या आम्ही त्या दिवशी वाचल्या. चौघींच्या पाकिटावरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा जुळत नव्हता. चौघींनाही चिठ्ठी आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे पाठवले.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळात औषधांची पाकिटे वाचली जातात. दहावी-बारावीच्या मुली वाचतात, वहीत कंपनी, आकडा आणि मुदत लिहितात. आक्का पहिल्या रांगेत बसलेली असते. आपल्या वस्तीतही असे करून पाहावे. त्याला पैसे लागत नाहीत, एक वही आणि वाचता येणारी दोन मुले लागतात.